न बघता पास

"गार्ड ना? मग एक कायले घेता? दोन घ्या," वैरागडे साहेब म्हणाले आणि टेबलावरच्या घंटीवर असा हात मारला, की जणू चहाच्या ट्रेमध्येच दोन गार्ड येणार होते.

बापट सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सर पुण्याचे. राग आला की ते चष्मा पुसायचे. आमच्या टीमचे कोच झाल्यापासून त्यांच्या चष्म्यावर एक डाग टिकला नव्हता.

"साहेब, तसं नसतं हो. हे दोघंही स्कोअर करणारे आहेत. दोघांनाही बॉल स्वतःच्याच हातात लागतो. बॉल एकच असतो."

"तं दुसरा आणू ना बॉल!"

भिंतीला लागून असलेल्या सोफ्यावर आम्ही 'हे दोघं' बसलो होतो. एक मी, सुहास बुरडे, राहणार नंदनवन, नागपूर. दुसरा हेमंत डोंगरवार, बल्लारपूरचा. आदल्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे होते, त्याच्या खालोखाल माझे. दोघांपैकी एकाला निवडायला बोलावलं होतं. त्यामुळे दोन मुलींना एकाच स्थळासाठी एकाच दिवशी दाखवायला आणावं, तसे आम्ही एकमेकांकडे न बघता बिस्कीट खात होतो.

बास्केटबॉलमधला गार्ड कोणाची राखण करत नाही. तो बॉल घेऊन पुढं येतो, खेळ मांडतो, लांबून मारतो. पण आमच्या टीमचे मालक वैरागडे साहेब, त्यांचा धंदा सिक्युरिटीचा. अर्ध्या नागपूरच्या एटीएमसमोर स्टुलावर डुलक्या घेणारी माणसं त्यांचीच. 'गार्ड' म्हटलं की त्यांना एकच गोष्ट समजायची.

"एक गार्ड झोपला तं दुसरा पाहिजे का नाही?" ते म्हणाले. "माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, सर. दोन गार्ड उभे केले का समोरच्याची हिंमत होते का आत घुसायची?"

सरांनी परत चष्मा पुसला. आणि विदर्भाच्या टीमला लीगमधले दोन सगळ्यात हावरट गार्ड एकदम मिळाले.

आता ती लीग राहिली नाही. टीमच्या बसवर कोण्या क्लासवाल्याची जाहिरात आहे. पण तेव्हा पेपरात आमचे फोटो यायचे, पानठेल्यावर लोक पान फुकट द्यायचे.

पहिल्या तीन मॅच आम्ही हरलो, आणि अशा हरलो, की समोरच्या टीमलाच आमची दया आली. हेमूकडं बॉल आला की तो मारायचा. माझ्याकडं आला की मी मारायचो. मी डावीकडं मोकळा उभा राहून "दे! दे! दे!" म्हणून घसा फोडायचो आणि हा गडी तीन माणसांच्या मधून रिंगकडं बघून मारून द्यायचा. एकदा तर मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. इतका मोकळा, की पंचानंही माझ्याकडं दयेनं पाहिलं. हेमूनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही.

"काहून बे," मी ड्रेसिंग रूममध्ये त्याची बनियनच पकडली, "मी दिसत नाही का तुले?"

त्याचं तोंड एकदम उतरलं. मग तो हसला. "एवढा काळा आहेस, अंधारात कसा दिसशील?"

बाकीचे हसले. मीही शिवी देऊन विषय सोडला.

"एका घोड्यावर दोन नवरदेव बसवलेत मी," बापट सर कोणाशी तरी फोनवर म्हणत होते. "घोडं बसलंय खाली."

मग लीगला सुट्टी आली. आम्ही घरी जायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वैरागडे साहेबांच्या ऑफिसातून निरोप आला. टीमचे सगळे खेळाडू कागदोपत्री त्यांच्या एजन्सीतच नोकरीला दाखवले होते. हुद्दा विचारला तेव्हा क्लार्कनं प्रत्येकाचा खेळातला हुद्दा जसाच्या तसा लिहिला. बाकीचे सुटले, कारण 'सेंटर' आणि 'फॉरवर्ड' नावाची ड्युटी एजन्सीत नव्हती. आम्ही दोघं मात्र गार्ड होतो. दिवाळीची गर्दी होती, माणसं कमी होती, आणि आमच्या मापाची निळी वर्दी शिवून तयार होती.

सीताबर्डीच्या मॉलच्या दारात लीगमधले दोन सगळ्यात महागडे खेळाडू लोकांच्या पिशव्या तपासायला उभे राहिले.

"पेपरात येऊन राहिला नं तू?" एका काकूंनी मला विचारलं.

"हो काकू."

"मग काय केलंस असं?"

हेमूला या सगळ्याची मजा वाटत होती. तो येणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकायचा, लहान पोरांना उचलून दाराच्या वरच्या चौकटीला हात लावू द्यायचा. मी मात्र टोपी नाकापर्यंत ओढून उभा होतो.

त्या दिवशी मॉलमध्ये संत्र्याच्या सरबताची जाहिरात होती. एका माणसाला फोमच्या मोठ्या गोल संत्र्यात कोंबलं होतं. खाली त्याचे पाय आणि वर दोन हिरवी पानं. तो बिचारा नाचत नाचत सगळीकडं फिरत होता. हेमू पाणी प्यायला म्हणून वळला आणि सरळ जाऊन त्याच्यावर आदळला. संत्रं आडवं झालं. आडवं झालं ते झालं, गोल असल्यामुळे घरंगळत निघालं, सरकत्या जिन्यापर्यंत गेलं आणि जिना त्याला वर नेऊ लागला. आतून आवाज येत होता, "अरे थांबवा बे कोणीतरी! आई वं!"

अख्खा मॉल हसत होता. मी तर भिंतीला टेकलो. डोळे पुसत हेमूपाशी गेलो. "माणसाएवढं संत्रं बे! माणसाएवढं संत्रं दिसत नाही तुले?"

तो हसत नव्हता. समोर बघत हळूच म्हणाला, "कोणत्या बाजूनं आला होता?"

"म्हणजे?"

"डावीकडून आला का?"

मी त्याच्या डाव्या बाजूलाच उभा होतो. त्यानं माझ्याकडं मान वळवली, तेव्हा जरा जास्तच वळवली. मग मी काय केलं माहीत नाही, पण माझा हात आपोआप वर गेला. त्याच्या कानाशेजारी मी बोटं हलवली. तो समोरच बघत राहिला. बोटं पुढं आणली. आणखी पुढं आणली. नाकाच्या जवळपास आली तेव्हा तो म्हणाला, "आता दिसले. खाली घे हात, लोक पाहून राहिले."

पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून त्यानं सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावीकडून जास्त.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी समजलं. गेलं ते परत येत नाही म्हणते डॉक्टर. थेंब टाकायचे आणि आहे ते सांभाळायचं. समोरचं एकदम चकचकीत दिसते बे. नळीतून पाहिल्यासारखं. रिंग दिसते. रिंग तेवढीच दिसते. म्हणून तं मारतो ना."

मी तीन मॅच ज्याला हावरट म्हणत होतो, त्याला पास द्यायला माणूसच दिसत नव्हता. तिकडं दारात मॉलवाले संत्र्यातल्या माणसाला पाणी पाजत होते.

"सरांना सांगू," मी म्हणालो.

"येडा झाला का?" त्यानं माझा हात धरला. "सांगितलं तं उद्याच्या उद्या घरी. जो भेटंल तो 'बिचारा' म्हणंल. माझ्या बाबाला शेवटी डोळ्यानं दिसत नव्हतं. अख्खी गल्ली त्याचं नाव विसरली होती. 'आंधळ्याच्या घरी', 'आंधळ्याचा पोरगा'. मले नाही पाहिजे ते. हा एक सीझन खेळू दे. मग मीच म्हणतो, गुडघा गेला. गुडघा म्हटलं का इज्जत राहते. आजवर गुडघ्यावर कोणी हसलं का?"

"आणि खेळशील कसा?"

"तू बोलत जा ना. तुझं तोंड तसंही बंद राहत नाही."

असं ठरलं. मी जिथं मोकळा असेन तिथून आवाज द्यायचा आणि त्यानं आवाजावर बॉल टाकायचा. "दे" म्हणायचं नाही, कारण "दे" सगळेच ओरडतात. असा शब्द पाहिजे होता, की जो पुण्या-मुंबईचा कोणी मैदानावर वापरत नाही. आम्ही खूप डोकं चालवून 'हाव' ठरवला. होकाराचा आपला नागपुरी हाव. त्यानं मनात "आहे का?" विचारायचं आणि मी मोठ्यानं "हाव!" म्हणायचं. आम्हाला तेव्हा आमच्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

सुट्टीनंतरचे सगळे सामने बाहेर होते. पुण्यात पहिल्यांदा केलं. हेमू बॉल घेऊन रिंगकडं बघत उभा, त्याच्या अंगावर दोन माणसं. मी डावीकडून म्हणालो, "हाव!" त्यानं मान न हलवता बॉल सोडला. तो माझ्या छातीवर आला. मी इतका दचकलो, की मारायलाच विसरलो.

दुसऱ्यांदा विसरलो नाही.

मग काय! आम्ही जिंकत सुटलो. पेपरवाले वेडे झाले. 'न बघता पास!' असे मथळे. 'डोंगरवारच्या पाठीलाही डोळे'. टीव्हीवरचा एक माणूस म्हणाला, की हा मुद्दाम दुसरीकडं बघून समोरच्याला फसवतो, ही दैवी देणगी आहे. नाशिकला एका शाळेतली पोरं मान ताठ ठेवून पास द्यायची प्रॅक्टिस करत होती आणि एकमेकांची नाकं फोडून घेत होती.

हेमू हॉटेलात ते पेपर मला वाचायला लावायचा आणि उशी तोंडावर घेऊन हसायचा. "पाठीले डोळे! अरे, समोरचे दोन जाऊन राहिले ते पहा ना बे!"

मीही हसायचो. मग तो डोळ्यांत थेंब टाकायला मान मागं करायचा आणि मी पेपराची घडी घालायचो.

त्या दिवसांत आमचं वेगळंच होऊन बसलं होतं. जेवताना मी आपोआप त्याच्या डावीकडं बसायचो. रस्ता ओलांडताना काही न म्हणता मध्ये चालायचो. त्याला किती कमी दिसतंय ते मला पासवरून कळायचं. आधी बॉल छातीवर यायचा, मग खांद्यावर, मग कधी गुडघ्यावर. मी वाकून घ्यायचो आणि मारायचो. लोकांना वाटायचं, यांचं हेही ठरलेलंच आहे.

बापट सरांनी चष्मा पुसणं सोडलं. "दोन गार्डचा प्रयोग माझा," असं ते मुलाखतीत म्हणाले. वैरागडे साहेब म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन पाहिजे." दोघांचंही बरोबर होतं.

फायनल नागपुरात आली, समोर मुंबई.

आदल्या दिवशी हेमू म्हणाला, "उद्या एक मॅच, आणि परवा गुडघा." त्यानं गुडघ्याला बांधायचा पट्टाही आणून ठेवला होता. लंगडून दाखवलं मला. चुकीच्या पायानं लंगडला.

वैरागडे साहेबांनी फायनलसाठी तिजोरी उघडली. इनडोअर स्टेडियमच्या चारही बाजूंनी, मैदानाच्या रेषेला लागून, त्यांनी आपले गार्ड उभे केले. कडक इस्त्रीची निळी वर्दी. आमची जर्सीही त्यांनी त्याच ठाणातून शिवली होती, कापड वाया जाऊ नये म्हणून. आणि पोरांना जोर यावा म्हणून साहेबांनी संदल बोलावला. नागपूरबाहेरच्या माणसाला संदल म्हणजे काय ते सांगून समजत नाही. वीस-पंचवीस धट्टेकट्टे पोट्टे, गळ्यात ढोल, आणि असा ठोका की छातीतलं काळीज स्वतःचा ठोका विसरतं. हा संदल रस्त्यावर वाजला तरी शेजारच्या गल्लीतल्या खिडक्या थरथरतात. तो साहेबांनी पत्र्याच्या छताखाली बसवला.

पहिला ठोका पडला आणि हेमूनं माझ्याकडं पाहिलं. सगळी मान वळवून पाहिलं.

मी ओरडलो, "हाव!" माझं मलाच ऐकू आलं नाही.

मी धावत साहेबांकडं गेलो. "साहेब, संदल थांबवा ना. आमचं बोलणं ऐकू येत नाही."

"काय म्हणतो?"

"ऐकू येत नाही!"

"हाव हाव, मस्त वाजवून रायले!" साहेबांनी मला अंगठा दाखवला आणि संदलवाल्यांना हातानं इशारा केला, की आणखी जोरात.

ती मॅच आम्ही कशी ओढली ते आम्हालाच माहीत. मी त्याच्या समोर, त्याच्या नळीत राहायचा प्रयत्न करत होतो. पण समोर राहिलं की मुंबईचेही तिथंच जमायचे. हेमू परत पहिल्यासारखा मारायला लागला. जितकं मारता येईल तितकं मारलं त्यानं. मुंबईची टीम एका पॉइंटनं पुढं होती आणि शेवटचा बॉल आमचा होता.

हेमू बॉल घेऊन आला. दोन उंच माणसं त्याच्या अंगावर. मी उजव्या कोपऱ्यात, एकदम मोकळा. इतका मोकळा मी आयुष्यात कधी नव्हतो. मी ओरडत होतो, उड्या मारत होतो, गळ्याच्या शिरा तुटायला आल्या होत्या. ढोल वाजत होते.

आणि शेवटचे सेकंद बघायला म्हणून संदलवाल्यांनी हात थांबवले. एकदम शांत झालं. कान बसल्यासारखं शांत. मी तोंड उघडलं, पण इतका वेळ ओरडून फाटलेल्या घशातून नुसती हवा निघाली.

त्या शांततेत, साहेबांना आपल्या कामाची आठवण झाली. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाला लावली आणि डाव्या रेषेवरच्या गार्डला विचारलं, बंदोबस्त ठीक आहे ना.

"हाव!" तो गार्ड खणखणीत म्हणाला.

हेमूनं मान न हलवता बॉल सोडला.

काय सुंदर पास होता तो. सरळ, कडक, छातीच्या उंचीवर. सगळ्या सीझनमधला सगळ्यात चांगला. त्या गार्डनं वॉकीटॉकी सोडून दोन्ही हातांनी बॉल पकडला. आता हातात बॉल, समोर मालक, सगळं स्टेडियम आपल्याकडं बघतंय, म्हटल्यावर त्याला काय करावं सुचेना. त्यानं बॉल काखेत मारला, टाच आपटली आणि सलाम ठोकला.

अख्खं स्टेडियम कोसळलं. लोक खुर्च्यांवरून खाली पडून हसत होते. मुंबईचे खेळाडू हसत होते, पंच शिट्टी तोंडात धरून हसत होता.

हेमू मान फिरवत राहिला, मी सापडेपर्यंत. मी उजव्या कोपऱ्यात होतो. मग त्यानं डावीकडं वळून गार्डला पाहिलं. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी एकट्यानं पाहिलं. आणि मग तो छाती काढून चालत गार्डपाशी गेला, त्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि त्याला उलटा सलाम ठोकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संदल परत सुरू झाला. आम्ही हरलो होतो.

ड्रेसिंग रूममध्ये वैरागडे साहेब सरळ हेमूसमोर येऊन उभे राहिले. "माझ्या माणसाची थट्टा करतो? फायनलमध्ये? मस्ती आली का तुले?"

"साहेब," मी पुढं झालो, "ऐकून घ्या. त्याला—"

"हाव, आली मस्ती," हेमू म्हणाला. एवढ्या जोरात, की माझं वाक्य तिथंच मेलं. "वाटलं, करावी जरा मजा."

"मजा?" बापट सरांच्या हातात चष्मा होता, पण ते पुसत नव्हते. "अरे, वर्षभराची मेहनत, हेमंत. मी तुझ्यासाठी भांडलो होतो."

"सॉरी सर."

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले. "या लीगमध्ये कोणी घेणार नाही तुले. मी पाहतो."

सगळे गेल्यावर मी त्याच्यासमोर बसलो. गुडघ्याचा पट्टा बाकावर तसाच पडला होता, प्लास्टिकच्या पिशवीत.

"मी सांगतो त्यांना. आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"गुडघा तं गेला हातचा," तो म्हणाला. "आता दोनच उरले. आंधळा नाही तं माजोरडा. माजोरड्याले लोक शिव्या देते, सुहास. बिचारा नाही म्हणत." त्यानं बुटाची नाडी सोडायला हात नेला, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा सापडली. "तू माझा दोस्त आहेस ना? मग शिव्या दे मले. चारचौघात दे."

सकाळी पेपरात त्याचा फोटो होता. टोपी घातलेला, सलाम करताना. खाली लिहिलं होतं, 'फायनलचा विदूषक'. मी त्याला सोडायला गणेशपेठच्या स्टँडवर गेलो. चंद्रपूरची गाडी लागलेली होती. लोक त्याला बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

"काय भाऊ," कंडक्टर दारातून ओरडला, "काल पोट दुखलं बा हसून हसून! हरवलं, पण हसवलं!"

"तिकिटात सूट द्या मग," हेमू म्हणाला. खिडक्यांतून हसू आलं.

त्यानं चढायला पाय उचलला आणि दाराचा डावा दांडा पकडायला हात टाकला. दांडा तिथं नव्हता. वीतभर बाजूला होता. पाय पायरीवरून सटकला, बॅग खाली पडली, आणि तो एका गुडघ्यावर आदळला.

"अर्रर्र," कंडक्टर म्हणाला. "सकाळीच घेतली का?"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सगळे वाट बघत होते.

"थोडीशी," हेमू म्हणाला. "हरलो ना राव. दुःख नाही का होत?"

"हरल्यावर एवढी, तं जिंकला असता तं किती!" आणि सगळी गाडी खदाखदा हसली.

मी तोवर त्याचा डावा कोपर धरला होता, नेहमीसारखा. त्यानं तोंड न वळवता, ओठ न हलवता म्हटलं, "सोड. बेवड्याले कोणी एवढं जपून चढवते का?"

मी हात सोडला. बॅग उचलून त्याच्या पाठीवर फेकली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चढ बे, बेवड्या! लोक खोळंबले तुझ्यापायी!"

त्याचा हात परत एकदा हुकला. तिसऱ्या वेळेला त्याला दांडा सापडला.